सित्कीमामाने बसवलेला पितळी कॉक

जून लागला की तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या आमच्या बोझबुरुनच्या धक्क्यावरून सित्कीमामाला धड चार पावलं चालता येत नाही. प्रत्येक बोटीवरून कुणीतरी ओरडतंच. "उस्ताद! ओ उस्ताद! पाहुणे केबिनमध्ये बटाट्यासारखे उकडतायत, जरा बघा ना!" की लगेच पलीकडच्या बोटीवरून, "आधी माझ्याकडे या! माझ्याकडे नवरा-बायको भांडतायत, एसी चालला तर संसार वाचेल!" आणि मामा आपला हत्यारांची पेटी सांभाळत सगळ्यांना "आलो, आलो" म्हणत जातो आणि जो सगळ्यात कमी ओरडतो त्याच्याकडे आधी चढतो.

बोटींचे एसी आणि इंजिनं, हेच मामाचं आयुष्य. अंगाने दांडगा, पोट हे एवढं पुढे, आणि बोटीतली इंजिनखोली म्हणजे कपाटाएवढी. त्यात तो कसा शिरतो अल्ला जाणे. नेझाहतमामी म्हणते, "घरात दारातून जाताना दोन्हीकडे धडकतो, आणि तिथे मांजरासारखा वळतो!" कोपरं कायम काळी. लग्नाला जायचं असलं की मामी त्याला अंगणात बसवून लिंबाने कोपरं घासायला लावते आणि तो बिचारा घासत बसतो, तरी काळी ती काळीच.

बोटीच्या एसीचं एक असतं बघा, घरातल्या एसीसारखा तो वाऱ्यावर गार होत नाही. त्याला समुद्राचं पाणी लागतं. म्हणजे बोटीच्या तळाला, पाण्याखाली जो भाग असतो तिथे, चक्क भोक पाडायचं! त्या भोकावर आतून एक कॉक बसवायचा, कॉकला पाइप, पाइपला पंप. पाणी आत येतं, एसीला गार करतं आणि दुसरीकडून बाहेर पडतं. चांगल्या धडधाकट बोटीला भोक पाडायचं म्हणजे काय विश्वासाचं काम आहे विचार करा. मालकाचा विश्वास, कप्तानाचा विश्वास. आणि मामाची पद्धत अशी की बोट पाण्यात सोडली तरी हा उतरायचाच नाही. प्रत्येक नव्या सांध्याखाली कागदी रुमाल ठेवायचा, चहा मागवायचा आणि तिथेच मांडी घालून बसायचा. घंटा गेला, दोन घंटे गेले, रुमाल उचलून गालाला लावून बघायचा. कोरडा असला की मग म्हणायचा, "झालं. आता हे हलाल," म्हणजे काम चोख, पैसे हक्काचे. मगच उतरायचा. अख्ख्या खाडीत त्याची हीच ओळख होती. सित्की उस्तादाचा रुमाल कधी भिजत नाही!

आणि म्हणूनच जे झालं ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आता रासिम कप्तानाचं सांगायला हवं. रासिम आणि मामा दूधभाऊ. मामा जन्मला तेव्हा त्याची आई तापाने पडलेली, दूध येईना, तर शेजारच्या मेदिहाआजीने आपल्या रासिमसोबत यालाही पाजलं. आमच्याकडे एकदा दूध प्यालं की नातं पक्कं, सख्ख्यासारखंच. मामा मेदिहाआजीला आईच म्हणतो. दोघं भाऊ दिसायला म्हणजे एक ढग आणि एक काठी. रासिम बारीक, उंच, कमी बोलणारा. तो नाझ्लीजानचा कप्तान होता. नाझ्लीजान म्हणजे इथल्याच गोदीत बांधलेली लाकडी बोट, दोन डोलकाठ्या, एमरुल्ला सुताराच्या हातची. मालक हालुकसाहेब इझमीरचे, टाइल्सचा कारखाना. वर्षातून थोडे दिवस यायचे. बाकी वर्षभर बोट रासिमची. लोक चिडवायचे, "रासिमने बायको केली नाही, बोट केली!" आणि रासिम म्हणायचा, "बोट निदान उलट उत्तर देत नाही."

त्या वर्षी हालुकसाहेबांनी सगळ्या केबिनना एसी बसवायला सांगितले. बकरी ईदला त्यांचे पाहुणे येणार होते. मामाने काम घेतलं, आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांना तारीख सांगून बसला. "ईदच्या आदल्या दिवशी बोट पाण्यात! माझ्यामुळे बोट अडकली असं कधी झालंय का?" फोनवर मालकालाही तेच सांगितलं. आणि आदल्या दुपारी शेवटचा कॉक बसवायला घेतला तर त्याच्या कडेला बारीक चीर. कारखान्यातूनच तशी आलेली. मामाने मार्मारिसला फोन केले तर दुकानं बंद, सगळे ईदला गावी. गोदीत शोधलं, नाही. एवढ्यात बोट रुळांवर ठेवलेली, ओढणारी माणसं उभी, कुणी म्हणतंय, "उस्ताद, लवकर करा ना, बोकड वाट बघतोय आमचा!" आणि मामाच्या गाडीत, बागेच्या नळाच्या सामानात, एक कॉक पडलेला. त्याच मापाचा. नवा. पिवळा चकचकीत.

पितळेचा.

पाण्याखाली बोटीला लागतो तो ब्राँझचा. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दोन्ही पिवळेच दिसतात, पण पितळेत जस्त असतं आणि खारं पाणी ते जस्त हळूहळू खातं. वरून काही कळत नाही. आतून धातू गुलाबी होत जातो, पोकळ होत जातो, आणि एक दिवस बिस्किटासारखा तुटतो. एक दिवस म्हणजे कधी, ते कुणीच सांगू शकत नाही.

मामाने तो बसवला. हिवाळ्यात बोट वर घेतली की बदलू, एका मोसमाला काही होत नाही, असं स्वतःला सांगितलं. बोट पाण्यात गेली, मामाने खाली रुमाल ठेवले, चहा प्यायला, रुमाल गालाला लावले. सगळे कोरडे! सांधा उत्तमच होता ना. रासिम वरून वाकून विचारतोय, "काय रे, हलाल का?" आणि मामा म्हणाला, "हलाल." मामाने मामीला नंतर सांगितलं की त्या शब्दाला त्याची जीभ जड झाली होती. पण म्हणाला तो.

मग काय झालं, तर हिवाळ्यात हालुकसाहेब म्हणाले, यंदा बोट वर घ्यायची नाही, रंग चांगला आहे. कॉक बदलायचा तर बोट वर घ्यायलाच हवी. वर घ्या म्हणायचं तर का ते सांगायला हवं. आणि का ते सांगायचं तर... मामा रासिमकडे जायचा, पुन्हा पुन्हा जायचा, सांगायचंच असं ठरवून जायचा, आणि ऑलिव्हच्या पिकाबद्दल बोलून परत यायचा. एवढीशी गोष्ट! त्याच संध्याकाळी म्हणाला असता, "अरे रासिम, पितळेचा लावलाय हां, लक्षात ठेव," तर रासिमने एक शिवी हासडली असती आणि विषय संपला असता. पण जेवढे दिवस गेले तेवढी ती गोष्ट तोंडात मोठी होत गेली, आणि मग ती बाहेर यायला तोंडच पुरेना. पुढचा मोसमही गेला. नाझ्लीजानचे एसी झकास चालत होते.

नोव्हेंबरात रासिमच्या भाचीचं लग्न होतं सोयुतला, डोंगरापलीकडच्या गावात. मोसम संपलेला, खाडी तेलासारखी शांत. रासिम बोट नांगरून लग्नाला गेला. सकाळी मासे धरायला निघालेल्यांनी बघितलं तर खाडीत नाझ्लीजानच्या नुसत्या दोन डोलकाठ्या उभ्या. खाली बोट नाहीच. म्हणजे होती, तळाशी, चिखलात बसलेली. पाण्यावर उशा तरंगत होत्या.

रासिम लग्नाच्या कोटातच धावत आला. धक्क्यावर उभा राहिला, डोलकाठ्यांकडे बघत. लोकांनी बोलायला सुरुवात केली. लाकडी बोट थोडी गळतेच, त्यासाठीच तळात पंप असतो, पाणी वाढलं की आपोआप चालू होतो. मग पंप का चालला नाही? कप्तानाने निघताना मुख्य स्विच पाडला असणार, दुसरं काय! आणि सगळ्यात वाईट म्हणजे रासिमला स्वतःलाच ते खरं वाटलं. इतकी वर्षं उतरताना अंगठा आपोआप स्विचवर जातो, पंपाचा सोडून बाकीचे पाडायचे असतात, त्या दिवशी लग्नाची घाई... "पाडला असेल," तो म्हणाला. "मला आठवत नाही. पाडला असेल मीच."

चहाच्या हॉटेलात लगेच सुरू. "कप्तानसाहेब, आता पाणबुडीचा परवाना काढा!" एक जण म्हणाला, "बायको नव्हती म्हणून बोट केली, तीही जीव देऊन मोकळी झाली." रासिमने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. परत त्या हॉटेलात आला नाही.

मामा त्या वेळी तिथेच बसला होता.

पाणबुड्यांनी बोटीला मोठाल्या हवेच्या पिशव्या बांधून ती उचलली, गोदीपर्यंत आणली आणि रुळांवरून वर ओढली. सगळीकडून पाणी वाहत होतं, दारांतून, खिडक्यांतून. बाहेरून बघितलं तर तळाला काहीच दोष नाही. भोकांवरच्या जाळ्या शाबूत. स्विच कुठे होता ते कळायचा मार्गच नव्हता, कारण पाणबुड्यांनी आत शिरल्या शिरल्या सगळे स्विच पाडलेले. आणि बुडालेलं इंजिन वर आलं की त्याला हवा लागायच्या आत धुवावं लागतं, नाहीतर गंज खाऊन टाकतो, म्हणून बोटीत सगळ्यात आधी कोण जाणार? मामा.

मामा आत गेला. आणि तो इंजिनाकडे गेलाच नाही. पुढच्या केबिनमध्ये गेला, पलंगाखालची फळी उचलली, चिखलात हात घातला. कॉकचा खालचा तुकडा तिथेच, वरचा पाइपसकट लोंबत. तुटलेल्या जागी रंग गुलाबी, लहान मुलाच्या हिरडीसारखा.

वरून हालुकसाहेब विचारत होते, "उस्ताद, काही कळतंय का?"

मामाने दोन्ही तुकडे सोडवले, खिशात घातले, भोकात लाकडी बूच ठोकलं आणि ओरडून उत्तर दिलं, "बॅटऱ्या पार संपल्यात, साहेब."

खोटं नव्हतं ते! बॅटऱ्या संपल्याच होत्या, कारण पंप बिचारा रात्रभर चालत राहिला आणि शेवटी बॅटऱ्यांनी दम तोडला. पण वरच्या लोकांनी जे ऐकायचं ते ऐकलं. स्विच असो की बॅटऱ्या, पंप चाललाच नाही, म्हणजे चूक रासिमचीच. मामाला माहीत होतं ते काय ऐकणार आहेत. म्हणूनच तेवढंच बोलला. याचा विचार केला की मला अजूनही कसंतरी होतं. खोटं बोलला असता तर एक वेळ बरं.

मग तो इंजिनाकडे गेला आणि दिवसभर तेल काढ, डिझेल घाल, पुन्हा काढ, पुन्हा घाल. इतकं जीव तोडून त्याने कधीच काम केलं नसेल. रासिमही आला, मागच्या बाजूला गाद्या पिळत बसला. मग खाली येऊन म्हणाला, "सित्की, तू असा माझ्याकडे बघू नकोस रे. तू बघितलंस की मला जास्त लाज वाटते." आणि मामाने मान खाली घातली आणि म्हणाला, "मी कुठे बघतोय. तो तेलाचा डबा दे."

हालुकसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. फक्त म्हणाले, शुक्रवारी येतो, मार्मारिसहून नवीन कप्तान घेऊन, चाव्या त्याला द्या. आणि एकदा असं झालं की मग त्या माणसाला या किनाऱ्यावर दुसरी बोट कोण देणार? रासिमने पण ठरवून टाकलं. मिलासला त्याच्या मेव्हण्याची ऑलिव्हचं तेल काढायची गिरणी आहे, तिथे पोती उचलायला जाणार. समुद्र संपला.

गुरुवारी मेदिहाआजीने मामाला जेवायला बोलावलं. नाही म्हणायची सोयच नाही, आजी बोलावते म्हणजे बोलावते. रासिम घरात नव्हता, कपडे घेऊन गोदीवर राहायला गेला होता. आजीने ऑलिव्हच्या तेलातली चवळी केलेली, वर दही-लसूण, तळलेली मासळी, मामाला आवडतं ते सगळं. आणि ती बोलतच होती. "दोघांना एकाच अंगावर पाजलं मी. एक निघाला हा असा. अख्ख्या गावासमोर मान खाली घालायला लावली. मी त्याला सांगितलं, तुझ्या वडलांनी फुटक्या होडीतून जन्म काढला, पण होडी कधी बुडवली नाही. तू माझ्यासमोर येऊ नकोस म्हटलं काही दिवस. मला तोंड बघायचं नाही तुझं." आणि मग मामाच्या ताटात आणखी मासळी वाढत म्हणाली, "अल्लाने निदान एक तरी नीट दिला. तुझ्या कामाचं नाव निघालं की मला बरं वाटतं रे."

मामा जेवला. सगळं जेवला. वर वाढलेलंही.

घरी आला. मामीने चहा केला. तो प्यायला नाही, कपाटासमोर जमिनीवर बसून राहिला, एवढा मोठा माणूस. आणि मग मामीला ते दोन तुकडे दाखवले. मामी सांगते, तिला आधी कळेचना, म्हणाली, हे काय, कसलं भांडं फोडलंस? मग कळलं. ती कपडे इस्त्री करत होती, ती करत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "उद्या शुक्रवार आहे."

"माहीत आहे," मामा म्हणाला.

"मला सांगून काय उपयोग मग?"

शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर सगळे गोदीवर जमले. म्हणजे जमायचं काही कारण नव्हतं, पण दुसऱ्याची फजिती असली की लोकांना वेळ मिळतो. हालुकसाहेब, नवीन कप्तान, काळा चष्मा लावलेला एक तरणा पोरगा, आमचा एमरुल्ला सुतार, चहाच्या हॉटेलातले सगळे. रासिम लग्नाचाच कोट घालून आलेला. चाव्या रुमालात बांधून आणलेल्या.

हालुकसाहेब म्हणाले, "रासिम, मला वाईट वाटतं रे. पण आत माणसं झोपलेली असती तर?"

"बरोबर आहे साहेब," रासिम म्हणाला आणि रुमाल पुढे केला.

मामा इंजिनखोलीत होता. वर आला. हाताला तेल, कपाळाला तेल. आणि बोलायला गेला तर भलतंच सुरू केलं. "साहेब, इंजिन वाचलं."

"वा उस्ताद! शाब्बास!"

"नाही, तसं नाही. म्हणजे वाचलं. पण रासिमने स्विच पाडला नाही. पंप चालू होता. एसीचा कॉक तुटला. मी पितळेचा बसवला होता. चूक माझी आहे."

आणि मग काय झालं असेल? कुणी विश्वासच ठेवला नाही! हॉटेलवाला पुढे आला, मामाच्या पाठीवर हात ठेवला. "उस्ताद, भावासाठी स्वतःच्या अंगावर घेतोयस. कळतं आम्हाला. दूध बोलतं हो." दुसरा म्हणाला, "असा भाऊ असावा!" हालुकसाहेबांच्या तर डोळ्यात पाणी. "उस्ताद, तुमच्यासारखा माणूस पितळ लावेल का? मला तरी सांगू नका." रासिमने मामाचा दंड धरला आणि हळूच म्हणाला, "सोड रे. असं नको करूस. तुझं नाव कशाला खराब करतोस माझ्यासाठी."

मामी म्हणते, ती कुंपणाशी उभी होती आणि तिला वाटलं आता हा गप्प बसणार. किती सोपं होतं! बोलून तर झालं होतं. कुणी मानलं नाही तर त्यात याचा काय दोष? वरून सगळं गाव त्याला देवमाणूस म्हणत होतं. आणि क्षणभर तो खरंच गप्प बसला. मामी म्हणते तिने त्याचा चेहरा बघितला, आणि त्या क्षणाची तिला जेवढी लाज वाटली तेवढी बाकी कशाचीच नाही.

मग मामाने खिशात हात घातला आणि ते तुकडे काढून एमरुल्ला सुताराच्या हातात दिले. एमरुल्लाने ते उन्हात धरले. ही बोट त्याने स्वतः फळी फळी करून बांधलेली. त्याने तुटलेल्या जागी नखाने दाबलं तर गुलाबी भुगा खाली पडला. त्याने अजून दाबलं, अजून पडला. मग त्याने तुकडे परत मामाच्या तळहातावर ठेवले, अगदी हळू, आणि पँटला हात पुसले.

"हे माझ्या बोटीत घातलंस तू," एवढंच बोलला.

हालुकसाहेबांचे डोळे एका सेकंदात कोरडे झाले. "हे तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"बोट वर आली त्या दिवसापासून."

"मी तुम्हाला वरून विचारलं होतं!"

"हो साहेब."

पाठीवरचा हॉटेलवाल्याचा हात कधी निघाला ते कळलंच नाही. लोक कुणीकडेतरी बघायला लागले, कुणी रुळांकडे, कुणी मोबाइलमध्ये. नवीन कप्तानाने चष्मा काढला. आणि मग रासिम बोलला. आवाज न चढवता.

"त्या दिवसापासून तुला माहीत होतं?"

"हो."

"काल आईकडे जेवायला गेला होतास ना?"

मामाने तळहातावरचे तुकडे खिशात घातले.

"तिने तुला काय सांगितलं ते मला माहीत आहे, कारण मलाही तेच सांगितलं. तुझं नाव घेऊन घेऊन सांगितलं. आणि तू तिथे बसून जेवलास?"

"जेवलो."

"सगळं जेवलास?"

"हो."

रासिमने मान हलवली, जसं काही एखादा हिशोब जुळला. "पितळेचं एक वेळ ठीक आहे रे," तो म्हणाला. "घाईत मीही लावलं असतं." आणि वळून निघून गेला. चाव्या त्याच्या हातातच राहिल्या. हालुकसाहेबांनी त्या परत मागितल्या नाहीत.

तर असं झालं. पुढचं वकिलांनी बघितलं, भरपाईसाठी मामाने गाडी विकली, आता पेटी स्कूटरला बांधून फिरतो आणि बघणाऱ्याला वाटतं स्कूटर आत्ता मोडणार. नाझ्लीजान पुन्हा पाण्यात गेली, रासिमच तिचा कप्तान. लोकांनी मामाला वाळीत वगैरे टाकलं नाही. उन्हाळा आला की उकडतंच, आणि दुसरा उस्ताद आहेच कुठे जवळ? पण आता ओरडतात ते वेगळं. "उस्ताद, सोनं लावा, चांदी लावा, पण पितळ नको हां!" आणि हसतात. मामाही हसतो. प्रत्येक कॉक आधी कप्तानाच्या हातात देतो, चाकूने खरवडून बघ म्हणतो, आणि तो खरवडत असताना मामा दुसरीकडे बघतो. काही कप्तान म्हणतात, राहू दे उस्ताद, विश्वास आहे. तेव्हा तो हट्टच धरतो, अगदी चिडतो, "बघ म्हटलं ना! बघ!"

नाझ्लीजानवर त्याला कुणी बोलावत नाही. तिथलं काम करायला मार्मारिसहून माणूस येतो.

मेदिहाआजीकडे मामा गेलाच नाही कित्येक महिने. रस्ता बदलून जायचा. मग ईद आली, आणि ईदला मोठ्यांच्या हाताचं चुंबन घ्यायला जायचंच असतं, आईच्या तर नक्कीच. मामीने त्याला लिंबाने कोपरं घासायला लावली, स्वच्छ शर्ट घालायला दिला आणि जवळजवळ ढकलतच नेलं. स्वतः बाहेर दारात थांबली.

आत आजी कोचावर बसलेली, नातेवाईक येत-जात होते. रासिम चहा देत होता. मामाला बघून तो ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेला. मामा आजीसमोर वाकला. तिने हात पुढे केला. मामाने तो ओठांना लावला, कपाळाला लावला. एरवी ती लगेच त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून पुटपुटायची, उदंड आयुष्याचं वगैरे, आणि कान ओढायची. या वेळी हात तसाच हवेत राहिला, कुणीतरी काढून ठेवल्यासारखा.

"मी त्याला काय काय बोलले तुला माहीत आहे," ती म्हणाली. सगळ्यांसमोर. "माझ्या पोटच्या पोराला. आणि ते बोलताना मी तुला वाढत होते. तू म्हणाला असतास, आई, गप्प बस, तर मी गप्प बसले असते. तो मला म्हणतो विसर. तो विसरलाय म्हणे. मी कसं विसरू? माझ्या तोंडून गेलंय ते."

"आई," मामा म्हणाला.

"बोल."

तो वाकलेलाच राहिला. मागे दुसरे लोक हात घ्यायला उभे होते, एका पोराने हळूच विचारलंही, "झालं का?" तेव्हा तो सरळ झाला आणि बाहेर आला.

मामीने दारातच विचारलं, "काय म्हणाल्या?"

"हात दिला."

"आणि?"

"आणि काय. दिला ना हात."

त्याचा मोबाइल वाजत होता, कुठल्यातरी बोटीवर ईदचे पाहुणे आलेले, एसी पाणी ओढत नव्हता. मामी म्हणाली, आज नको जाऊस, आज ईद आहे. त्याने मागे घराकडे बघितलं. खिडकीत रासिम उभा होता, ट्रे हातात. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि रासिमने पडदा ओढला. जोरात नाही, साधाच ओढला, ऊन येतं म्हणून ओढतात तसा.

"येतो," मामा फोनवर म्हणाला. "आधी मुख्य कॉक बंद करा. नाही, तुम्ही स्वतः बंद करा. मी येईपर्यंत तिथे उभे राहा."

आणि मामीला मागे बसवून स्कूटर चालू केली.